हजेरी

परळच्या चौथ्या मजल्यावर, पहाटे,
मी माशांच्या खोलीचा दिवा लावते
तेव्हा चौदाशे झेब्राफिश
एकदम काचेपाशी येतात, निळ्या रेघांसकट,
मुकादमासमोर उभे राहिल्यासारखे.

हे असं मला आईमुळे दिसतं.
रे रोडच्या चौकीवर सहाच्या आत
तिचं नाव पुकारलं जायचं
आणि ती म्हणायची, "हाय."
एकतीस वर्षं. पुढे यंत्र आलं, अंगठा आला,
तरी अंगठा टेकवून ती म्हणायचीच.

माशाला गुंगी देऊन स्पंजच्या खाचेत उताणा ठेवते.
छातीवर केसाएवढी चीर.
आत राजगिऱ्याच्या दाण्याएवढं हृदय, उडतं.
त्याला नायट्रोजनमध्ये बुडवलेली तांब्याची तार टेकवते
आणि तेवीसपर्यंत मोजते.
पाचवा हिस्सा मरतो.
मासा परत पाण्यात, थोडा तिरका;
संध्याकाळपर्यंत खायला तोंड वर.

आधी न्यूट्रोफिल येतात. तापट पोरं.
त्यांचं काम असतं, पण ती वेळेवर निघून गेलेली बरी.
मग मॅक्रोफेज.
अंधाऱ्या खोलीत, लेसरखाली, लाल,
एकेक करून जखमेच्या काठाशी.
पुस्तकात त्यांचं नाव भक्षकपेशी.
मला तो शब्द सलतो.
मेलेलं उचलणाऱ्याला मेलेलं खाणारा म्हणायची
आपली जुनी खोड आहे.
शिवाय ते नुसतं उचलत नाहीत.
त्यांच्यातलेच काही कोलॅजनचे धागे आणून
ढासळता भाग धरून ठेवतात,
आणि स्नायू परत वाढू लागला
की तो टेकू काढायलाही तेच.

गट ब-मध्ये मी औषध टोचून त्यांना आधीच संपवलं.
वहीत लिहिलं : सफाई नाही.
मासे मेले नाहीत. पोहत होते, खात होते.
साठ दिवसांनी काप रंगवले :
केशरी स्नायूच्या मधोमध
निळा व्रण, तसाच, शिक्का मारल्यासारखा.

केईएममध्ये डॉक्टरने पडद्यावर बोट ठेवलं :
"हा भाग आता हलत नाही."
आई म्हणाली, "मग त्याचं काम कोण करतं?"
"बाकीचा."
"म्हणजे नेहमीसारखंच."

छातीत दुखलं तेव्हा दारूखान्याची गल्ली अर्धी झाली होती.
तिने गल्ली पुरी केली. झाडू धुतला. मग बसली.
दोन तास.

नफीसाच्या टाक्यांत मेडाका आहेत,
जपानी भातखाचरांतले. अंगाने तेवढेच,
पण त्यांचं हृदय भरत नाही.
पेशी त्यांच्यातही आहेत, त्याच;
फक्त उशिरा पोचतात.
नफीसाने त्यांना विषाणू आल्याची खोटी वर्दी दिली,
एका सुईत. पेशी धावत आल्या.
हृदय भरलं. सगळं नाही, पण बरंच.

रात्री हे सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती.
थांबली.
"खोटी बोंब मारली तर लवकर येतात?
आमच्याकडं खरी मारली तरी..."
आणि हसली, आणि हसताना दम लागला
म्हणून तवा मी उतरवला.

रविवारी तिला मासे दाखवायला आणलं.
चपला बाहेर काढून, पदर सावरून,
देवळात आल्यासारखी.
"ह्यातला बरा झालेला कुठला?"
मलाही सांगता येईना. बरा झालेला
बाकीच्यांसारखाच दिसतो, तेच तर आहे.
ती वाकून बघत राहिली. माशांकडे नाही.
काचेच्या कोपऱ्याकडे, जिथे एरवी शेवाळ धरतं
आणि इथे नव्हतं.
बोट फिरवून पाहिलं.

"हा कोपरा रोज कोण धुतं?"

मला त्याचं नाव आठवायला
वेळ लागला.