नमुना

इथल्या नदीचं नाव थेम्स, पण ‘थ’ ठसठशीत लावायचा;
लंडनसारखं टेम्स म्हटलंत
की ग्रॉटनचा न्हावीसुद्धा कात्री थांबवून बघतो.
याच नदीतून मी एकवीस वर्षं
खाली जात राहिलो.

बिवलकर त्यांच्या जिभेवर मावेना, म्हणून बिव.
काम: पाणी.
अणुभट्टीतून फिरून आलेलं पाणी बाटलीत धरायचं,
त्याची आम्लता, त्यातलं क्लोराइड,
आणि दिसेल ते वहीत.
आई पाकाचा थेंब अंगठ्या-तर्जनीत ताणून
‘एकतारी झाला’ म्हणायची, की गॅस बंद.
मला बोट लावायची मुभा नव्हती.
हातमोज्यांच्या दोन जोडांतून
मी माझा पाक बघायचो.

निघताना वरचा मोजा उलटा काढायचा,
एक पाय पिवळ्या रेघेपलीकडे,
त्याचं कव्हर मात्र अलीकडेच.
कशाला हात नाही. कुणाला धक्का नाही.
सोवळंच हे.
चिपळूणला आत्या ओलेत्यानं अशीच अंग चोरून वावरायची
आणि सगुणा अंगणाबाहेर ओंजळ धरून उभी,
पाणी वरून.
आत्याकडे मापक नव्हता एवढंच.
इथे तो कॅप्टनच्या तळव्यांवरून फिरतो,
मग स्वयंपाक्याच्या,
टिकटिक तीच.
विटाळ मोजता येतो हे कळलं
तेव्हा मी चारशे फूट पाण्याखाली होतो
आणि सांगायला सगुणा नव्हती.

मार्शँड बावीस वर्षांचा. मेनमधला, बटाट्याच्या शेतावरचा.
पहाटेचे तीन (पहाट फक्त घड्याळात).
वहीतले आकडे सुरेख,
कालच्याइतकेच सुरेख.
बाटली कोरडी होती.
मी ती दिव्यासमोर धरून दोनदा पाहिली.
‘चीफ, चार दिवस काटा हललेला नाही.
काढला असता तरी तोच आला असता.’

मी काढला. तोच आला.

तरी वर सांगितलं.
बंदराला लागल्यावर तो पिशवी खांद्यावर टाकून
फळीवरून उतरला, मागे न बघता.
त्याच्या बायकोला सातवा महिना होता,
हे मला सांगण्याआधी ठाऊक होतं, नंतर कळलेलं नाही.
आईला फोनवर अर्धंच सांगितलं.
‘आकडा तोच आला ना? मग?
काय नमुना आहेस रे तू.’

निवृत्तीच्या वेळी पत्र आलं:
एकवीस वर्षांच्या बिल्ल्यांची बेरीज, एका ओळीत.
डॉक्टर म्हणाली, विशेष काही नाही.
खरंच नाही.
महिनोन्महिने ऊन नसलेल्या माणसाला
लागणार तरी कुठून?

आता घर विकायला काढलंय.
तळघरात रेडॉनची डबी ठेवली.
खालच्या ग्रॅनाइटमधून येतो तो,
ना वास, ना रंग, आणि त्याला रेघही माहीत नाही.
चारच्या वर गेला तर नळी बसवा, पंखा बसवा,
दीड हजार डॉलर.
सहा पूर्णांक दोन.
भट्टीपासून हाकेच्या अंतरावर झोपलो तेव्हा लागलं नसेल
तेवढं इथे, कपड्यांच्या घड्या घालताना.

लोरेन जिन्यावरून: ‘दोन दिवस खिडकी उघडी ठेव, उतरेल.’
उतरलं असतं. तिचं चूक नाही.
कागदावर रकाना आहे, मोजणाऱ्याची सही.
मी तीन पूर्णांक नऊ लिहिलं.
हो, लिहिलं.
हस्ताक्षरही चांगलं आलं होतं.
किती तरी वेळ वॉशिंग मशीन फिरत होतं.

मग त्यावर रेघ, एकच,
खालचा आकडा वाचता येईल अशी,
कारण खोडायचं नसतं, कधीच, कुठल्याच वहीत.
बाजूला आद्याक्षरं.
त्याच्या वर, जरा तिरकं,
६.२