गळती

विजयनगरात, चौथ्या मजल्यावर,
काचेच्या दाराशी चपला काढायला लावतात.
देवळासारखं, म्हटलं मी मनात,
आणि मोज्याचं भोक आठवलं.

भिशी या खेपेला माझी निघाली होती.
शालन म्हणाली, कानातले कर.
पागनीसबाई म्हणाल्या, गीझर बदल आधी.
कुणालाच सांगितलं नाही मी.
बारा हजारांतले साडेआठ
एका डोक्यावर,
तेही स्वतःच्या.

चहा आला. हिरवा, बिनसाखरेचा,
सोबत शेवेचा कणसुद्धा नाही.
इंदुरात याला पाहुणचार म्हणत नाहीत.

मग पडद्यावर माझी टाळू,
दोनशे पट मोठी.
चंबळच्या घळी वाटल्या मला आधी.
एकेका खड्ड्यातून एकेक केस,
काही खड्डे रिकामेच,
भाडेकरू न सांगता निघून गेल्यासारखे.
मुलगी पेनाच्या टोकाने दाखवत होती:
ये देखिए, क्षार. बोरिंग का पानी?
हो. नर्मदा एक दिवसाआड येते,
ती प्यायला.
केस बोरिंगवर वाढलेत.
वीज मंडळातली तीस वर्षंही
त्याच बादलीने धुऊन निघाली.

और ये सफ़ेद लकीर?

चाळीस वर्षांच्या संसारात
हे कुणी विचारलेलं नव्हतं.
दिगूचा भोवरा, म्हटलं. भावाचा.
जाळी सुटली आणि आर थेट इथे,
माझ्या डोक्यातल्या भोवऱ्याशेजारीच.
तो रडला माझ्याहून जास्त.
मी आईला सांगितलं, जिन्यावरून पडले.
दिगू जाऊन सहा वर्षं झाली.
खोटं अजून तसंच आहे,
दोनशे पट.

पडदा विझला. मला आडवं केलं.
कपाळावर एक वळं बसवलं
आणि त्यातून पाणी,
सलग, कोमट, घाई नसलेलं.
डोळे मिटले तसं ओळखलं:
श्रावणात पिंडीवर टांगतात ती गळती.
केसगळतीवर गळती!
फक्त इथे पिंडीने
बिल आगाऊ भरलेलं असतं.

तिच्या छातीवर पाटी होती: युकी.
जापान में कौन सा गाँव? मी विचारलं,
काहीतरी बोलायचं म्हणून.
बोटं थांबली.
आइझॉल, आंटी.
आवाज पाण्याखालून आल्यासारखा.
युकी सरांनी ठेवलंय.
तिचं नाव लालरिनपुई.
रोज पाच-सहाजणी विचारतात, जपान कसा आहे,
ती सांगते: ठंडा.

मी हसले आणि पाणी कानात गेलं.

मग मीच बोलत सुटले, हिंदीत, मध्येच मराठीत,
की पुण्याला नणंदेकडे
मी “जेवून राहिले आहे” म्हटलं
की चमचे थांबतात.
गोड आहे हं तुमचं मराठी, म्हणतात,
जसं दुसऱ्याच्या पोराला म्हणावं.
आणि इथे समोरचे अग्रवाल दर मे महिन्यात विचारतात,
आप लोग अपने देस कब जाओगे?
सात पिढ्यांची राख खान नदीत गेली आमची,
तेव्हा तिच्यात पाणी होतं.

तिला किती समजलं कोण जाणे.
बोटं पुन्हा चालू लागली
आणि दिगूच्या रेघेभोवती
एक फेरी जास्त झाली.
पॅकेजमध्ये नसावी ती.

आरशात केस माझे नव्हते,
शाळेच्या बक्षीस-समारंभाला
कुणाचे उसने आणल्यासारखे, चापूनचोपून, चकचकीत.
भोवरा तेवढा उभा होता,
त्याला जपानही आवरत नाही.

दारात ती कमरेतून वाकली,
तसं शिकवलंय.
मी म्हटलं, येते.
सवयीने. आमच्यात जाते म्हणत नाहीत.
कब? तिने विचारलं,
अपॉइंटमेंटची वही उघडत.