सोळावर ठेव

मान खाली घालून काचेत बघायचं,
विहिरीत डोकवावं तसं.
डावीकडून येणारा हमाल
उजवीकडून येतो.

"कडक ऊन, सोळावर ठेव.
ढग आला की आठ," दस्तगीरचाचा सांगतात.
मीटर कधीच मेलाय.
"आणि श्वास सोडून दाब, भरून नाही."

सांगलीची हळदपेठ, सकाळचे साडेनऊ.
पोती पिवळी, भिंती पिवळ्या,
हमालांच्या पापण्या,
काट्यावर बसलेल्या मांजराचे पाय.
रोल मात्र काळा-पांढरा.
"मग हळद कशी दिसणार, चाचा?"
"करडी. पण ठसका लागला पाहिजे, तेवढं बघ."

रोलवर बाराच.
सात मी येतानाच आयर्विन पुलावर उडवलेले,
पेठेत एक चुकून स्वतःच्या चपलेचा.

आठवड्याने धुऊन आला.
सातव्यानंतर चावी फिरवायची राहिली होती.
पुलाच्या कमानींवर एक पोतं,
पोत्याखाली वाकलेला भीमा कोळेकर,
त्याच्या गुडघ्यांपर्यंत कृष्णा.

चाचा बराच वेळ बघत राहिले.
त्यांच्या स्टुडिओच्या भिंतीवर, घड्याळाच्याही वर,
२०१९ची रेघ आहे पाण्याची.

"फाडू नको हा," म्हणाले.
आणि लगेच, मास्तरासारखं,
"चावी फिरवायची. दरवेळी."