उलटी खुर्ची

मी त्याच्या फेऱ्या मोजायचे.
दोन घड्याळं, एक फळी, दोऱ्याने बांधलेली शिसपेन्सिल.
लायनेल म्हणायचा, शर्यतीत सगळ्यात आधी हरवते ती पेन्सिल.

युद्धात तो बॉम्बरच्या शेपटीत बसायचा,
काचेच्या फुग्यात, वैमानिकाकडे पाठ करून.
तीस उड्डाणं.
पेटलेलं शहर त्याला दिसायचं ते
लांब लांब जाताना, लहान होताना.
परतला तेव्हा आई म्हणाली, आता बियाण्यांचं दुकान बघ.
तो म्हणाला, आधी मला
समोरून येणारं काहीतरी बघू दे.

अठ्ठेचाळीसच्या एप्रिलात
त्याच्याच जुन्या धावपट्टीवर कुणी पिंपं मांडली,
पेंढ्याचे गठ्ठे रचले, आणि तिकीट लावलं.
लिंकनशरचा वारा तोच, सपाट, डोळ्यांतून पाणी काढणारा.
ओब्री पेगने गाडी ढकलून चालू केली:
सांगाडा एकीचा, इंजिन दुसरीचं,
टाकी दूधवाल्याच्या मोडक्या व्हॅनची,
रंग तेवढा अस्सल हिरवा, दोन हात.
पंधरांत नववा आला.
घरी येताना गात होता.
बेसूर. मी काही बोलले नाही.

पुढची सात वर्षं माझ्या वह्यांत आहेत.
तेलाचे डाग, पावसाने फुगलेली पानं,
एका पानावर ओब्रीच्या सँडविचचं लोणी.
कुठे कुठे नाव लिहून पुढे नुसती रेघ.
अशा चार रेघा आहेत.
त्या मुलांच्या आयांना पत्रं मीच लिहिली,
लायनेलचं अक्षर वाईट होतं म्हणून,
असं आम्ही म्हणायचो.

त्रेपन्नमध्ये तो जिंकला. म्हणजे अर्धा.
तेव्हा मध्येच गाडी दुसऱ्याला देता यायची,
आणि संघाचा पहिला चालक रूपर्ट हॅल्सी
स्वतःची गाडी जाळून कठड्यावर बसला होता, हातमोजे न काढता.
मालकाने माझ्या हातात पाटी दिली. आत ये.
लायनेल पहिला होता. एकतिसावी फेरी.
मी पाटी धरली.
सख्ख्या बहिणीने धरली.
तो आला, उतरला,
सीट गरम आहे, एवढंच रूपर्टला म्हणाला.
करंडक रूपर्टकडे गेला. आम्हाला हाराचा तुकडा.
त्यातली तमालपत्रं आईने वर्षभर सूपमध्ये घातली.
फुकट कशाला घालवायची.

आणि मग बेल्जियम, पंचावन्न.
गावातून उतरणारा रस्ता, खाली डावं वळण.
मादाम फ्रोसारच्या बेकरीचं निळं दार दिसलं
की ब्रेकवर पाय, हे त्याचं गणित.
पाच वर्षं चुकलं नव्हतं.
सरावाच्या दिवशी गाव धुक्यात होतं.
शर्यतीच्या दुसऱ्या फेरीला तो आला नाही.

घड्याळ चालू होतं.
तीन मिनिटं. चार.
ओब्री माझ्याकडे बघेना.
सहा. शिंगाच्या मुठीची छत्री घेतलेला एक म्हातारा
माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला, तो हात अजून आहे.
अकराव्या मिनिटाला लायनेल चालत आला,
गुडघ्यापर्यंत बीटच्या शेताचा चिखल,
काखेत गरम पाव.
म्हणाला, बाईंनी दार पिवळं केलंय गं.
मुलीचं लग्न आहे.

त्यानंतर तो कुठल्याच शर्यतीत उतरला नाही.
भीती वाटली का, असं लोक मला विचारतात, जणू
मी तीही मोजत होते.
दुकान चालवलं त्याने. वाटाणे, घेवडा, बीटसुद्धा.
गुरुवारी आम्ही ग्रिम्सबीला जायचो, गाडीने,
डबा रिकामा असला तरी तो
इंजिनाकडे पाठ करूनच बसायचा.
मी समोर. मला येणारं दिसायचं, त्याला गेलेलं.
मध्ये आमचे गुडघे.
एकदा विचारलं, काय दिसतं रे तिकडे?
बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, कुंपणं.
छान छाटलीयेत यंदा.