तिसरं पेडल

पहिल्याच दिवशी मी खाजगीवाले बाईंना म्हणालो,
विकून टाका ही. एवढ्या खर्चात
बरी ऑटोमॅटिक येईल, एसी गार, दारं चार.
बाई म्हणाल्या, मी तुम्हाला आकडा विचारला.
सल्ले घरी आहेत भरपूर.

गुलटेकडीला माझं गॅरेज. बाहेर कांद्याच्या ट्रकांची रांग
आणि आत ही : लाल, बुटकी,
बॉनेट असं लांब की नाक आधी सिग्नलला पोचतं,
माणूस मागाहून.

डावा गुडघा वाकत नाही, म्हणाल्या, जानेवारीपासून.
मी मान हलवली.
गाडी वर उचलली, गिअरबॉक्स खोलला,
तर तिसऱ्या गिअरचे दात कोपऱ्यात उडालेले,
फ्लायव्हील तापून तापून निळं पडलेलं.
जानेवारी कसला,
दोन वर्षं तरी पेडल शेवटपर्यंत दाबलंच गेलं नव्हतं.
मी कुणाला बोललो नाही.
फैजूलाही नाही.

दुसरा बॉक्स मिळाला कराडला, ठोकलेल्या गाडीतला.
जाडजूड. टनेलमध्ये मावेना.
चार दिवस हातोडा चालवला, पत्रा आतून फुगवत नेला,
नको असलेल्या पाहुण्याला
अंथरूण सरकवून जागा करावी, तसा.
शाफ्ट सव्वादोन इंच लांब :
भोसरीला कापला, जोडला, बॅलन्स करून आणला.
(तिथला लेथवाला सोनकांबळे म्हणाला, कुणाची हौस?
म्हटलं, हौस नाही, गरज.
घरी येईपर्यंत वाटत राहिलं, उलटं सांगितलं का?)
रेडिएटरपर्यंत तेलाच्या दोन नळ्या.
वायरिंगचं विचारू नका,
किल्ली फिरवली की वायपर चालू व्हायचे.

राहिलं क्लचचं पेडल.
रबर एका कडेला पार झिजलेलं, खाली पत्रा दिसे.
एक पिन, एक स्प्रिंग, पाच मिनिटांचं काम.
मी जेवायला गेलो.
भाकरी संपली, ताक संपलं, शेजारच्या टायरवाल्याशी
निवडणुकीवर बोलून झालं.
परत आलो तर फैजू हात पुसत उभा.
झालं की, म्हणाला.

पहाटे एकटाच बोपदेव घाट चढवून आलो.
वळणावर गाडी विचार करते,
फाईल आत नेऊन कारकून गायब व्हावा तसा वेळ लावते,
मग एकदाची खालच्या गिअरला उतरते.
चालायचंच. ऑटोमॅटिक ती.

सोमवारी बाई आल्या.
दोन्ही हातांनी डावा पाय उचलला,
रिकाम्या जागेत नेऊन ठेवला,
बाजारातून आणलेली पिशवी ठेवावी तसा.
म्हणाल्या, बसा शेजारी.
कोंढव्यापर्यंत फक्त हॉर्नबद्दल बोलल्या, की तो किरटा झालाय.
घाट लागला.
पहिल्या वळणाआधी, ब्रेकवर उजवा पाय ठेवताना,
त्यांचा डावा हात दांड्यावर गेला
आणि डी वरून खट्कन टू वर.
इंजिन ओरडलं. मागचं चाक जरासं बाहेर गेलं, परत आलं.
मी डॅशबोर्ड धरला.
तीस वर्षं गाड्या खोलतोय,
पण ती खालची अक्षरं
मला शोभेचीच वाटायची.

हिला आधी सांगावं लागतं, बाई म्हणाल्या,
आणि पुढच्या वळणाला पुन्हा सांगितलं.

वर थांबलो. खाली पुणं, धुरकट.
त्यांनी चष्मा बदलला, बिल वाचलं,
ओळ न् ओळ, बोट ठेवून.
पेडल काढल्याची मजुरी लावली नाहीत?
म्हटलं, ते मी नाही काढलं.
कुणी काढलं?
फैजूने.
पर्समधून दोनशेची नोट काढली, घडी केली.
त्याला द्या.
आणि तुमचे हातोड्याचे चार दिवस धरलेत,
ते तीन करा.