अर्धा श्वास मागे

वूच शहरात, चौथ्या मजल्यावर,
बोगुमिल राहतो. नावाचा अर्थ देवाचा लाडका,
पण लिफ्ट बंद पडली की तोही जिनाच चढतो.

त्याचं काम असं:
परदेशी सिनेमातली सगळी माणसं तो एकटा बोलतो.
नायक, नायकाची बायको, सासू, पोलीस,
सगळे एकाच सपाट आवाजात,
दुधाचा हिशेब वाचावा तसे.
मागे मूळ आवाज बारीक पुटपुटत राहतात
आणि हा त्यांच्या अर्धा श्वास मागे.
हसायचं नाही. रडायचं नाही.
धंद्याचा नियम.

त्या हिवाळ्यात सिनेमा आला, विनोदी.
ओहायोतला कुणी पार्किंगच्या पावत्या फाडणारा.
देव त्याला म्हणतो, "मला दाढ काढायची आहे,
आठवडाभर तू बघ."
(दाढ? देवाला? बोगुमिलने विचारलं नाही. वाचलं.)
मग तो प्राणी गावभर धिंगाणा घालतो,
मंगळवार रद्द करतो,
साहेबाच्या टकलावर हिरवळ लावतो,
मेलेले सोनमासे परत आणतो, सगळे, एकाच सकाळी,
आणि घरोघरी बरण्या कमी पडतात.
लोक गाऱ्हाणी घालतात बोगुमिलच्या आवाजात.
उत्तर येतं बोगुमिलच्याच आवाजात.
मागणारा तोच, देणारा तोच,
मधला खोकलाही त्याचाच, कापायचा राहून गेलेला.

शनिवारी तो टीव्हीवर लागला.
यादविगा सोफ्यावर. हा स्वयंपाकघरात,
तोंडात आंबवलेली काकडी.
बाहेरून त्याचाच आवाज: "मी सर्वशक्तिमान आहे."
"मग नळ," यादविगा म्हणाली.
"तीन आठवडे गळतोय."

रविवारी जिन्यात हालिनाबाईंनी अडवलं,
गुडघा पुढे केला.
"काल देव तुमच्या आवाजात बोलला.
एकदा म्हणा ना, बरा होईल."
ट्राम चुकत होती. म्हणाला, "बरा होईल."
बुधवारी हालिनाबाई
कोबीचे दोन गड्डे घेऊन धाडधाड चौथ्या मजल्यावर.

झालं. देव पावला.
दुसऱ्या दिवसापासून जिन्यात रांग:
गणिताला घाबरलेला पोरगा,
लॉटरीचं तिकीट छातीशी धरून निवृत्त ट्रामवाला,
कबूतर परतलं नाही म्हणून झोप उडालेला विधुर,
आणि पहिल्या मजल्यावरचे नास्तिक मास्तर,
"फक्त चौकशीला."
होईल. लागेल. परतेल. बघू.
यादविगाने दारावर पाटी लावली:
सहानंतर देव नाही.
नळ गळतच होता.

पोरगा नापास झाला.
कबूतर आलं, पण दुसऱ्या कुणाचं.
मास्तर तेवढे येत राहिले, बुद्धिबळ खेळायला.
कोबी आटला.

मग एकदा सात वाजता,
पाटी वाचूनही, ब्रोनिस्लावा आजींनी बेल वाजवली.
काही मागितलं नाही.
पिशवीतून पत्र काढलं, मुलाचं, नॉर्वेहून,
नऊ वर्षांपूर्वीचं,
घड्यांवर फाटलेलं, चिकटपट्टीने सांधलेलं.
"वाच. तुझ्या त्या आवाजात.
बाकीचे वाचताना रडतात. मला ऐकू येत नाही."

तो वाचू लागला.
आई, इथे मासे फार. मोजे पोचले.
आणि त्याच्या लक्षात आलं,
म्हातारी पुटपुटतेय, बारीक,
शब्द आधी तिच्या ओठांवर
आणि मग त्याच्या.
त्याने चष्मा काढला. पत्र बघायची गरज नव्हती.
ती पुढे, तो मागे,
बोट, बोटीचा रंग, कप्तानाचा कुत्रा,
पगार, थंडी,
सपाट, दुधाचा हिशेब वाचावा तसं.

"उन्हाळ्यात येतो" इथे पत्र संपत होतं.
तिने तिथे श्वास घेतला.
तोही थांबला,
मूळ आवाजाची वाट बघत.

स्वयंपाकघरात नळाचा थेंब.
मग आणखी एक.