लसूण सोलताना

गोवंडीत, बैंगनवाडीच्या आतल्या गल्लीत
इद्रिसभाई सकाळी गोणी टाकून जातो.
दर किलोवर ठरलेला. टरफलं आपली.

आई म्हणते, अख्ख्या पाकळीला वास नसतो, बघ हुंगून.
मी हुंगते. खरंच नसतो.

कॉलेजात शिकवलं तेच:
अ‍ॅलिइन एका खोलीत, विकर दुसऱ्या खोलीत,
मध्ये पडदा, आमच्या जुन्या लुगड्याच्या पडद्याहून पातळ.
मातीतलं गंधक मुळांनी ओढून
गपचूप साठवलेलं,
कीड लागली, बुरशी चढली, तर असावं म्हणून.
सुरी फिरली की पडदा फाटतो
आणि मग सगळ्या गल्लीला कळतं.

आईला सांगितलं.
ती नखातली साल काढत होती,
अंगठ्याची कातडी पांढरी, सोलवटलेली.
"म्हणजे घाव बसेस्तोवर दोघं गप्प,"
एवढं म्हणून तिनं दुसऱ्या गोणीचा सुतळीचा टाका उसवला.

प्रॅक्टिकलला मृण्मयी माझ्यापासून स्टूल सरकवून बसते.
मी हात अ‍ॅप्रनच्या खिशात ठेवायचे,
लिंबू चोळून, साबण लावून, तरीही.

परवा तिथंच, बर्नरशेजारी,
खिशातली एक पाकळी अंगठ्यानं चेचली
आणि तिच्या जर्नलवर ठेवली.